मोठी फोर बाय फोर घ्यायची आहे : मॅन्युअल की ऑटोमॅटिक?

कुळागर
नमस्कार मंडळी. डिझेल आणि फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी गाडी) एवढे घरात ठरले आहे. थार रॉक्स, स्कॉर्पिओ-एन, आणि चांगली मिळाली तर जुनी फॉर्च्युनर, अशी यादी आहे. अडले आहे ते गिअरबॉक्सपाशी.

वापर दुहेरी. कामाच्या दिवशी वाळपई ते पणजी, साखळी-आमोणे-माशेल-बाणस्तारीमार्गे. सुटीच्या दिवशी कुळागर (सुपारी-नारळाची बागायत). तिथे डांबर संपल्यावर जांभ्याची वाट, मध्ये एक व्हाळ (म्हणजे ओढा; पावसाळ्यात गुडघाभर पाणी, मोठी सर आली की वाट बंद) आणि व्हाळापलीकडे साठेक मीटरची उभी चढण. पावसात त्या कातळावर शेवाळ धरते. काजूच्या हंगामात मागे छोटी ट्रॉली लागते. चालवणारे तिघे : मी, बायको आणि कुळागरात कामाला असतो तो मुलगा.

भांडा, पण कारणासकट. "ज्याला गिअर टाकता येत नाही त्याने..." असे सुरू होणारे प्रतिसाद थेट काजूच्या भट्टीत जातील.

चोर्ला_चढण
मॅन्युअल.

उतारावर फोर-लोमध्ये (चारही चाकांना हळू पण जोरकस गिअर) पहिला गिअर टाकला की दोन्ही पाय उचलायचे, गाडी इंजिनाच्या ताब्यात उतरते. बॅटरी बसली तर ढकलून सुरू होते. आणि क्लच गेलाच तर तो कुठलाही बरा गॅरेजवाला बदलतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडणारे हात गोव्यात किती आहेत ते मोजा आणि मग ठरवा.

म्हापशेकार
ऑटोमॅटिक. धागा बंद करायला हरकत नाही.

काजूबोंडू
बंद कसला? अजून पहिली धारही निघाली नाही.

दहा_बाराचा_पाना
चोर्लाबाबांचे उताराबद्दलचे म्हणणे खरे आहे, पण ते अर्धेच आहे. चढण आणि उतार यांची गणिते वेगळी असतात.

मोठ्या डिझेल गाड्यांत मॅन्युअलच्या पहिल्या गिअरचा रेशो (गिअरबॉक्समधून एक फेरा बाहेर पडायला इंजिनाचे किती फेरे लागतात ते) साधारण ४ ते ४.८ च्या दरम्यान असतो. सहा गतींच्या ऑटोमॅटिकचा बहुधा ३.६ च्या आसपास. कागदावर मॅन्युअल जिंकतो. पण ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर बसतो. गाडी जागची हलत असते तेव्हा कन्व्हर्टरमधला स्टेटर तेलाचा प्रवाह वळवून पुन्हा पंपाकडे पाठवतो आणि टॉर्क (फिरवणारा जोर) जवळजवळ पावणेदोन ते दोन पट होतो. म्हणजे सुटताना ३.६ चा गिअर साडेसहाच्या गिअरसारखा ओढतो. वेग आला की हा फायदा संपतो, पण चढणीवर गाडी अडते ती सुटतानाच.

उतरताना मात्र कन्व्हर्टर कसलीच पट देत नाही. उलट चाके इंजिनाला फिरवायला जातात तेव्हा तेल थोडे सरकते. फोर-लोचा रेशो २.५ आणि डिफरन्शियलचा (ॲक्सलमधल्या शेवटच्या गिअरचा) ४ धरा. मॅन्युअल : ४ × २.५ × ४ = ४०. इंजिन ८०० आरपीएमवर, म्हणजे चाक मिनिटाला २० फेरे. २५५/६५ आर१८ टायरचा घेर सुमारे २.४८ मीटर, म्हणजे ताशी ३ किमी. ऑटोमॅटिक : ३.६ × २.५ × ४ = ३६, कागदावर ताशी ३.३. पण उभ्या उतारावर ती तिथे थांबत नाही, सरकत पुढे जाते आणि ब्रेकवर पाय ठेवावा लागतो.

म्हणून माझे मत : चढायला ऑटोमॅटिक, उतरायला मॅन्युअल. आता आपली चढण जास्त अडचणीची की उतार, हे ज्याचे त्याने बघायचे.

म्हापशेकार
पानाबाब, चढणारा प्रत्येक जण उतरतोच की.

दहा_बाराचा_पाना
उतरतो, पण उतरताना हिल डिसेंट कंट्रोल मदतीला असतो. तो एबीएसमार्फत एकेका चाकाला ब्रेक लावतो. गर्रर्र आवाज येतो, त्याला घाबरायचे नाही. मर्यादा एवढीच की हे काम ब्रेकचे आहे, इंजिनाचे नव्हे. साठ मीटरला काही होत नाही. लांब उतारावर सलग वापरला तर डिस्क तापतात. ऑटोमॅटिकवाल्याने उतरण्याआधी फोर-लो, लिव्हर मॅन्युअल मोडवर, पहिला गिअर पक्का आणि त्यावर हिल डिसेंट, असे एकत्र वापरायचे. डी मध्ये (पुढे जायच्या नेहमीच्या मोडवर) ठेवून नुसत्या ब्रेकवर उतरणारे लोकच ऑटोमॅटिकला नावे ठेवतात.

मळेवाट
कुळागरबाब, तुमच्या यादीतल्या गाड्यांत आणखी एक गोष्ट आहे जी जाहिरातीत बारीक अक्षरात असते. इंजिन तेच, पण दोन गिअरबॉक्सना टॉर्क वेगवेगळा दिला आहे.

स्कॉर्पिओ-एन फोर बाय फोर डिझेल : मॅन्युअल ३७० न्यूटन-मीटर, ऑटोमॅटिक ४००. २०२१ पासूनची फॉर्च्युनर २.८ डिझेल : मॅन्युअल ४२०, ऑटोमॅटिक ५००. थार रॉक्स डिझेल फोर बाय फोर : मॅन्युअल ३३०, ऑटोमॅटिक ३७०, आणि ताकदही वेगळी, १५० विरुद्ध १७५ पीएसच्या घरात. मॅन्युअलचा क्लच आणि गिअर जेवढे झेलू शकतात तेवढ्यावर कंपनी इंजिनाला आवरून धरते. जुन्या तीन दरवाज्यांच्या थारमध्ये डिझेलला हा फरक नाही, दोन्हींना ३०० च.

ट्रॉली ओढायची असेल तर हा फरक हाताला जाणवतो.

काजूबोंडू
आणि ट्रॉलीत बोंडू असतील तर नाकालाही.

गुर्खाप्रेमी
या यादीत फोर्स गुर्खा का नाही? पुढे-मागे दोन्ही डिफरन्शियल लॉक (एका ॲक्सलची दोन्ही चाके एकत्रच फिरवणारी सोय) कारखान्यातूनच, स्नॉर्कल (इंजिनाला वरून हवा देणारी नळी) कारखान्यातूनच, ७०० मिमी पाण्यातून जायची क्षमता, आणि २०२४ पासून इंजिन १४० पीएस, ३२० न्यूटन-मीटर. ओल्या कातळावर एक चाक शेवाळावर आणि एक हवेत असले की गिअरबॉक्स कुठलाही असो, लॉक नसेल तर ताकद फिरणाऱ्या चाकाकडेच पळते. गुर्खा फक्त मॅन्युअलमध्ये मिळते, म्हणजे हा प्रश्नच उरत नाही.

म्हापशेकार
रोज मेरशीच्या सिग्नलला क्लच दाबायला गुर्खाप्रेमींनी कृपया स्वतःचा पाय पाठवावा.

मळेवाट
लॉकचा मुद्दा मात्र लाखाचा आहे. कुळागरबाब, ज्या व्हेरियंटला मागचा डिफ लॉक आहे तेच बघा, मग गिअरबॉक्स कुठलाही घ्या. ब्रेक लावून फिरते चाक थांबवणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था चालते, पण ती आधी चाक फिरू देते आणि मग पकडते. शेवाळावर चाक एकदा फिरले की टायरच्या खाचा हिरव्या चिखलाने भरतात आणि पुढची पकड गेलीच म्हणायची. लॉक आधीच लावून चढता येते.

घरचीगाडी
ऑटोमॅटिक म्हणजे तो एएमटी का? माझ्या छोट्या गाडीत आहे तो चढणीवर मागे सरकतो.

दहा_बाराचा_पाना
नाही. एएमटी म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच आणि गिअर मोटरने हलतात. त्यात क्लच जळायचा तसा जळतो. ड्युअल क्लचमध्ये दोन क्लच, तेही चढणीवर गाडी ॲक्सिलरेटरने धरून ठेवली की तापतात आणि इशारा दाखवतात. इथे चर्चेत असलेल्या सगळ्या ऑटोमॅटिक गाड्या टॉर्क कन्व्हर्टरवाल्या आहेत. जंगलात तोच चालतो, कारण त्यात घासून झिजणारा सुटण्याचा क्लच नाही, ते काम तेल करते.

सांगेकर
इथे पाण्याबद्दल कोणी बोलले नाही. नेत्रावळीकडच्या वाटांवर पावसाळ्यात खरी अडचण तीच.

मॅन्युअलमध्ये क्लच हाउसिंग पूर्ण बंद नसते. खोल पाण्यात क्लच दाबला की प्लेट आणि फ्लायव्हीलमध्ये फट पडते आणि तांबडे पाणी आत शिरते. पाणी वाळते, पण गाळ राहतो. मग क्लच घसरतो, किंवा महिन्याभराने रिलीज बेअरिंग किरकिरायला लागते. म्हणून नियम असा : पाण्यात उतरण्याआधीच फोर-लो दुसरा गिअर, आणि पलीकडच्या काठावर चढेपर्यंत क्लचला पाय लावायचा नाही. गिअर बदलायची वेळ येईल असे वाटत असेल तर त्या पाण्यात जाऊच नये.

ऑटोमॅटिकमध्ये ही भानगड नाही, पण दुसरी आहे. गिअरबॉक्स ९० अंशांवर तापलेला असतो. थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (आतली हवा ये-जा करायला ठेवलेल्या भोकातून) पाणी ओढते. तेल दुधाळ गुलाबी दिसले की समजायचे पाणी शिरले. तशी गाडी चालवत राहिले तर आतल्या क्लच प्लेटचे अस्तर सुटते, आणि मग दुरुस्तीचा आकडा ऐकून माणूस खाली बसतो. उपाय स्वस्त आहे : व्हाळाआधी पाच-दहा मिनिटे गाडी उभी करायची आणि ब्रीदरची नळी वर न्यायची.

ब्रीदर मॅन्युअल गिअरबॉक्सला, ट्रान्स्फर केसला (पुढच्या-मागच्या ॲक्सलना ताकद वाटणारी पेटी) आणि दोन्ही ॲक्सलनाही असतात. ती नळी सगळ्यांनाच लागू.

चोर्ला_चढण
म्हणजे पाण्यात दोघांचीही तीच गत. मग जास्त पैसे कशाला मोजायचे?

सांगेकर
गत तीच, पण चुकीला लागणारा वेळ वेगळा. मॅन्युअलमध्ये घाबरून पाय क्लचवर जायला एक क्षण पुरतो. मधेच गाडी बंद पडली तर पुन्हा सुरू करायला क्लच दाबावाच लागतो, आणि त्याच वेळी धुरांड्याचे तोंड पाण्याखाली असते. ऑटोमॅटिक पाण्यात बंद पडणे त्या मानाने दुर्मीळ.

आणि एक सांगून ठेवतो. कंपनी सांगते ते ५०० किंवा ६५० मिमी हे उभ्या पाण्याचे आकडे आहेत. वाहते पाणी दरवाज्याला लागले की गाडीचे वजन हलके होते आणि ती आडवी सरकते. आधी काठी घेऊन चालत जा. ज्यात माणूस चालू शकत नाही त्यात गाडीही घालू नये.

तिसवाडी_फेरी
थोडे अवांतर, पण मोठ्या गाडीवाल्यांनी वाचावे. दिवाडी-चोडणच्या फेरीचा उतार. भरतीला तो आखूड असतो. सुकतीला खालचा शेवाळलेला भाग उघडा पडतो आणि फेरीचा लोखंडी फाळका त्यावर टेकतो. फाळक्याच्या कडेवर पुढची चाके चढली की मागची शेवाळावर असतात. इथे मॅन्युअलवाला हाफ क्लचवर गाडी धरून ठेवतो आणि पाठीमागून जळका वास येतो. हिल होल्ड (चढणीवर आपोआप ब्रेक धरणारी सोय) दोन-तीन सेकंदच धरतो, फेरीवाल्याचा हात हलायला त्याहून जास्त वेळ लागतो. हँडब्रेक ओढून ठेवा, न्यूट्रलवर क्लच सोडून बसा, इशारा मिळाला की सुटा.

ऑटोमॅटिकवाल्यांसाठी : फेरीवर उभे राहताना आधी एन (न्यूट्रल), मग हँडब्रेक, मग ब्रेकवरचा पाय उचला, गाडीचे वजन हँडब्रेकवर बसू दे, आणि शेवटी पी (पार्किंग). सरळ पी मध्ये टाकून पाय उचलला की सगळे वजन गिअरबॉक्समधल्या बोटभर खिटीवर येते. निघताना 'टक्' असा जो आवाज येतो तो तिचाच.

दहा_बाराचा_पाना
यात सर्वांत धोक्याची गोष्ट राहिली. ज्या गाड्यांच्या ट्रान्स्फर लिव्हरला (नेहमीच्या वेगाची फोर-हाय आणि हळूची फोर-लो निवडायची दांडी) एन आहे (थारला आहे), तिथे ती लिव्हर चुकून एन वर राहिली तर मुख्य गिअरबॉक्स पी मध्ये असूनही चाके मोकळी असतात. मॅन्युअललाही तेच, गिअरमध्ये ठेवून काही उपयोग नाही. फोर-हायमधून फोर-लोमध्ये जाताना दात न जुळल्याने लिव्हर मधेच अडकते तेव्हा हे होते. चढणीवर लिव्हर हलवायचीच नाही. सपाटीवर थांबा, ब्रेक धरा, गिअर न्यूट्रल (मॅन्युअल असेल तर क्लचही दाबून), लिव्हर एका दमात ओढा, डॅशबोर्डवरचा दिवा स्थिर झालेला पाहा आणि मग निघा. दिवा लुकलुकत असेल तर गाडी हातभर पुढे-मागे घ्या, दात बसतात.

घरचीगाडी
किनाऱ्यावरच्या वाळूत कुठली बरी? मोरजीला भाड्याच्या थार रुतलेल्या दिसतात.

मळेवाट
गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे, दंड होतो आणि गुन्हाही नोंदवतात. वर भरती थांबत नाही. तेव्हा बरी-वाईट दोन्ही पार्किंगमध्ये.

वाळू सापडलीच कुठे (नदीकाठी वगैरे), तर टायर १८ पीएसआयपर्यंत उतरवा, ट्रॅक्शन कंट्रोल बंद करा आणि गती तुटू देऊ नका. वाळूत मॅन्युअलचा गिअर बदलताना जो अर्धा सेकंद जातो तेवढ्यात गाडी बसते. ऑटोमॅटिक तिथे सरळ पुढे आहे, पण तेल झपाट्याने तापते.

काजूबोंडू
भाड्याच्या थारचा दोष नाही हो. वाळूला वाटते पर्यटक आहे, राहू दे दोन दिवस.

दहा_बाराचा_पाना
तेल तापण्यावर नीट लिहितो, कारण ऑटोमॅटिक मरतो तो यानेच.

साधारण चालताना गिअरबॉक्सचे तेल ८० ते ९५ अंश असते. ११५-१२० ला सावध व्हायचे, १३० ला थांबायचे. ढोबळ हिशेब असा की वरच्या पट्टीत दर दहा अंशांना तेलाचे आयुष्य निम्मे होते. बऱ्याच गाड्यांत हे तापमान डॅशबोर्डवर दिसत नाही. ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटात बसणारे छोटे यंत्र) लावून मोबाइलवर वाचता येते, ट्रॉली ओढणाऱ्याने तो घ्यावाच.

तापते का? कन्व्हर्टरमध्ये इंजिन फिरते आहे आणि चाके फिरत नाहीत, तो फरक उष्णतेत जातो. म्हणून चढणीवर आणि चिखलात फोर-हायमध्ये ताणू नका, फोर-लो घ्या. त्यात इंजिनावरचा भार कमी होतो आणि सरकणेही कमी होते. तापलेच तर इंजिन बंद करू नका. एन मध्ये ठेवून चालू ठेवा, पंप तेल कूलरमधून फिरवत राहतो.

तेल बदल. "आयुष्यभर बदलायला नको" असे काही ठिकाणी सांगतात. ट्रॉली, व्हाळ आणि गोव्याचा उकाडा यात चाळीस-पन्नास हजार किमीला बदला. खालचा बोल्ट काढून सगळे तेल निघत नाही, साधारण एक तृतीयांश ते निम्मे निघते, बाकीचे कन्व्हर्टरमध्ये अडकलेले असते. त्यामुळे दोन-तीनदा काढून-भरून करावे लागते. पातळीही ठरावीक तापमानालाच बघतात, बहुतेक चाळीसच्या थोडे वर, इंजिन चालू ठेवून, ओव्हरफ्लो बोल्टमधून थेंब-थेंब गळेपर्यंत. थंड गाडीत पातळी बघणाऱ्या गॅरेजातून गाडी परत आणा.

चोर्ला_चढण
एवढे सगळे वाचल्यावर मॅन्युअल किती साधा आहे ते लोकांना पटेल.

दहा_बाराचा_पाना
साधा आहेच. पण त्याचेही बिल ऐका. लॅडर फ्रेमच्या फोर बाय फोरमध्ये क्लच बदलायचा म्हणजे दोन्ही प्रोपेलर शाफ्ट, ट्रान्स्फर केस आणि गिअरबॉक्स खाली उतरवायचा. नुसती क्लच प्लेट घालून परत चढवणे हा खुळेपणा. प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि मागचे क्रँक सील त्याच खेपेला. ज्या डिझेलला ड्युअल मास फ्लायव्हील (कंप शोषणारा दोन भागांचा फ्लायव्हील) आहे तिथे तोही तपासावा लागतो, आणि निळे डाग पडले असतील तर बदलावा लागतो. तो एकटाच क्लचच्या संचाहून महाग पडतो.

नीट वापरला तर क्लच लाखभर किमी जातो. हाफ क्लचवर ट्रॉली रिव्हर्स घेणाऱ्याचा एका हंगामात जातो. मोठ्या गाडीचा रिव्हर्स गिअर फोर-हायमध्ये बराच वेगवान असतो, ट्रॉली मागे ढकलताना सतत क्लच सरकवावा लागतो. तिथे फोर-लो लावा. मातीवर हरकत नाही. कोरड्या डांबरावर किंवा काँक्रीटवर मात्र फोर-लो लावून स्टेअरिंग पूर्ण वळवू नका, पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांना पिळतात.

सांगेकर
चढण अर्ध्यात फसली तर काय करायचे हेही लिहा कोणी. अपघात तिथेच होतात.

चोर्ला_चढण
मी लिहितो. मॅन्युअल : ब्रेक घट्ट, क्लच दाबा, फोर-लो रिव्हर्स टाका, क्लच पूर्ण सोडा आणि मगच ब्रेक हळूहळू सोडा. इंजिन गाडी धरून सरळ मागे उतरवते. क्लच दाबून मागे घरंगळायचे नाही. गाडी वळवायचा मोह धरायचा नाही, आडवी झाली की उलटते. पूर्वी बंद पडलेली गाडी रिव्हर्समध्येच ठेवून, क्लच न दाबता, नुसत्या स्टार्टरवर खाली आणता यायची. आता बहुतेक गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरतच नाही. ती युक्ती गेली, हे कबूल.

ऑटोमॅटिक : ब्रेक घट्ट, आर (रिव्हर्स), ब्रेक हळू सोडा. झाले. डी मध्ये ठेवून मागे घरंगळू द्यायचे नाही, आणि एन तर नाहीच नाही.

म्हापशेकार
चोर्लाबाबांनी स्वतःच ऑटोमॅटिकची कृती एका ओळीत लिहिली. नोंद घ्यावी.

चोर्ला_चढण
ओळी मोजून गाडी घेत नाहीत. चिखलात पुढे-मागे झोके देऊन गाडी काढायची असेल तर मॅन्युअलच. ऑटोमॅटिकमध्ये डी-आर-डी-आर खेळलात आणि गाडी पूर्ण थांबण्याआधी लिव्हर हलवलीत, तर आतल्या क्लच प्लेटची वाट लागते.

गुर्खाप्रेमी
शिवाय कुळ्याहून दूधसागरला जाणाऱ्या जीपगाड्या बघा. दिवसभर पाण्यातून जातात, बहुतेक मॅन्युअल.

मळेवाट
त्या गाड्यांच्या किमतीत ऑटोमॅटिक फोर बाय फोर मिळतच नाही, आणि त्या चालकांना वाटेतला प्रत्येक दगड पाठ असतो. तिकडे जगभर दगडधोंड्यांसाठी घेतात ती रँग्लर रुबिकॉन भारतात फक्त आठ गतींच्या ऑटोमॅटिकमध्ये येते. पहिला गिअर ४.७१, फोर-लो ४, ॲक्सल ४.१०, म्हणजे एकूण ७७. पानाबाबांच्या गणिताने ताशी दीड किमीच्या आसपास. म्हणजे ऑटोमॅटिक उतरायला कच्चा हे रेशो लहान असेल तेवढ्यापुरतेच खरे.

कुळागर
सगळ्यांचे आभार. चढण मोबाइलवर मोजली, सर्वांत उभ्या जागी २२ अंश आहे. गाडी माणसांसकट साधारण २२०० किलो धरा. आता सांगा.

दहा_बाराचा_पाना
आता मजा आली. २२ अंशांवर वजनाचा ३७ टक्के भाग मागे खेचतो, म्हणजे सुमारे ८२५ किलो. टायरची त्रिज्या ३९ सेंमी धरली तर चाकांवर ३१५० न्यूटन-मीटरच्या आसपास लागतात. घर्षण वेगळे.

फोर-हाय मॅन्युअल, एकूण रेशो १६ : इंजिनाकडून जवळपास २०० हवेत. हजार आरपीएमला टर्बो भरलेला नसतो, तेवढे निघत नाहीत. म्हणून लोक रेस करून क्लच सरकवतात आणि जाळतात.
फोर-हाय ऑटोमॅटिक, कन्व्हर्टर धरून सुमारे २६ : १२० पुरतात. चढेल, पण तेल तापवून.
फोर-लो मॅन्युअल, ४० : ८० पुरतात. आयडलच्या जरा वर. फोर-लो ऑटोमॅटिकला त्याहून कमी.

म्हणजे फोर-लो लावलेत तर दोन्ही गाड्यांना ही चढण किरकोळ आहे. ताकदीचा प्रश्नच नाही. प्रश्न पकडीचा आहे. २२ अंश चढायला टायर आणि जमीन यांच्यातले घर्षण किमान ०.४ हवे, आणि ओल्या शेवाळावर ते त्याखाली सहज जाते. तिथे दोन लाख जास्त देऊन घेतलेला गिअरबॉक्सही घसरतो.

तेव्हा आधी वाट दुरुस्त करा. पावसाआधी शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडा, चाकांच्या पट्ट्यावर ब्लीचिंग पावडर मारा (व्हाळात वाहून जाणार नाही अशा बेताने, खाली मासे असतात). जांभा मऊ असतो, पिकासाने वीतभर अंतरावर आडवे चर पाडता येतात, बोटभर खोल पुरे. पाणी बाजूला काढायला वरच्या टोकाला एक तिरका चर. टायर ऑल-टेरेन, त्या वाटेवर २२ पीएसआय.

काजूबोंडू
वीस लाखांच्या प्रश्नाला पिकास हे उत्तर निघाले. जय गोमंतक.

कुळागर
हे करणारच. मग उरले पणजीची गर्दी, ट्रॉली आणि तीन चालवणारे. त्या हिशेबाने ऑटोमॅटिककडे कल आहे. बायकोचेही तेच मत. चोर्लाबाब, राग नसावा.

चोर्ला_चढण
राग कसला. कामाला असलेला मुलगा चालवणार म्हणालात तेव्हाच मला कळले होते, परक्या पायाखाली क्लच टिकत नाही. फक्त जंप पॅक (बसलेल्या बॅटरीला जोडून गाडी सुरू करायची छोटी बॅटरी) गाडीत ठेवा, ऑटोमॅटिक ढकलून सुरू होत नाही. आणि बंद पडलेली ओढून न्यायची वेळ आली तर गिअर एन वर ठेवून ओढू नका. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, आत तेल फिरत नाही. ट्रान्स्फर लिव्हरला एन असेल तर ती एन वर, नसेल तर चारही चाके उचलणारा ट्रक.

सांगेकर
जुनी फॉर्च्युनर बघणार असाल तर : थंड गाडी सुरू करून पी वरून आर वर घ्या, सेकंदाहून उशिरा पकडली तर सोडा. गिअरबॉक्सच्या तेलाचा थेंब पांढऱ्या कागदावर टाका. तांबूस ते तपकिरी चालेल, काळे आणि जळका वास असेल तर नको. फोर-लो लावून दाखवायला सांगा, वापरात नसेल तर ते गंजून अडकलेले असते. खाली वाकून चॅसिस बघा, किनाऱ्याजवळ राहिलेल्या गाड्यांना आतून गंज असतो. मॅन्युअल बघत असाल तर पाचव्या गिअरमध्ये १५०० आरपीएमवरून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा, काटा पळाला आणि वेग वाढला नाही तर क्लच संपला.

कुळागर
शेवटचा प्रश्न. ब्रीदरची नळी कुठवर न्यायची?

सांगेकर
इंजिनच्या खोलीत, फायरवॉलच्या वरच्या कडेला. बॉनेटच्या बिजागरीजवळ चालेल. तेल आणि उष्णता सोसणारी नळी घ्या, पाण्याची प्लॅस्टिक नळी वितळते. सायलेन्सरपासून लांब, कुठे दुमडू देऊ नका, ॲक्सल खाली-वर होतो म्हणून तिथे हातभर ढील ठेवा. टोकाला छोटा डिझेल फिल्टर लावा, नाहीतर कुंभारीण माशी मातीने तोंड बंद करते. वॉरंटी चालू असताना हे अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारून करा आणि जॉब कार्डवर लिहून घ्या.